जुन्या एसयूव्हीत मोटारची (बटणाने हलणारी) सीट बसवायची असेल तर

बुटक्या माणसाचे पाय पेडलांना नीट पोचत नसतील तर एक तर पेडलं हलवायची, नाही तर सीट. पेडलांचा विषय आधी निकालात काढू. बटण दाबलं की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर पुढेमागे सरकतात ही सोय फोर्ड एक्स्पिडिशनसारख्या अमेरिकन गाड्यांत मिळायची. त्या गाड्या ऑटोमॅटिक, स्टिअरिंग डावीकडे, पेडलं दोनच. आपल्या जुन्या क्लचवाल्या डिझेल गाडीत तो सांगाडा कसाबसा बसवला तरी क्लच आहे तिथेच राहणार, आणि बुटक्या माणसाची तक्रार नेमकी क्लचचीच असते. शिवाय ब्रेकच्या पेडलाला कुणालाही वेल्डिंग करू देऊ नका, मिस्त्री कितीही ओळखीचा असो. म्हणजे हलवायची ती सीट: पुढेमागे आणि खालीवर होणारी, दुसऱ्या गाडीतून काढलेली.

ठाण्याहून कुर्ल्याला सीएसटी रोडला, म्हणजे गाड्यांच्या जुन्या पार्टच्या बाजारात, निघताना मोजायची टेप घ्या. बाइकची १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी आणि दोन वायरीही घ्या. हे पहिलं, कारण पहिल्या सीटच्या वेळी मी नेमकं हेच नेलं नव्हतं. मोटारच्या सीटच्या पोटात मोटारी आणि गिअर असतात, त्यामुळे ती अगदी खाली केली तरी साध्या सीटपेक्षा उंच राहू शकते. दुकानात ती मधल्याच कुठल्या तरी उंचीवर पडलेली असते. करंट दिल्याशिवाय खाली जात नाही, आणि खाली गेल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही. दुकानदार "जाईल हो साहेब खाली" म्हणेल. जाते, पण किती?

ती पहिली सीट वहिनीसाठी होती. तिची उंची चार फूट अकरा. सीट बसली, बटणं चालली, सगळे खूश. वहिनी बसली तर टाच गाडीच्या फ्लोअरला टेकेना. टाच टेकलेली नसेल तर ॲक्सिलरेटर अख्ख्या मांडीने दाबावा लागतो आणि माजिवड्याच्या सिग्नलला गाडी बेडकासारखी उडते. म्हणून घरून निघण्याआधी जुन्या सीटची गाडीच्या फ्लोअरपासूनची उंची मोजा, तीही माणूस बसलेला असताना, कारण फोम दबतो. तोच आकडा दुकानात पुन्हा मोजा, सीट पूर्ण खाली आणून. जिच्यासाठी सीट घेताय तिला सोबत न्या, गाडी चालवताना घालते त्याच चपला-बुटांत. तिने क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर छाती मधल्या भागापासून निदान २५ सेंटीमीटर लांब हवी.

बॅटरी लावताना एक सांभाळा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो बाजूच्या एअरबॅगचा समजा. त्याला चुकूनही करंट देऊ नका, तोंडावर फुटेल. खरं तर तसली सीट घेऊच नका. मेमरीवालीही (बसायची जागा लक्षात ठेवणारी) नको, तिला गाडीच्या कॉम्प्युटरकडून सिग्नल लागतात, ते जुन्या गाडीत येणार कुठून? साध्या बटणांची, जाड वायरींची सीट बघा. आणि हो, टेप.

बोल्टची भोकं जुळणार नाहीत हे धरूनच चाला. मधे जाड पट्टीचे ब्रॅकेट करावे लागतात, आणि ब्रॅकेट म्हणजे पुन्हा उंची! सीट कितीही खाली जाणारी मिळाली तरी वेल्डरने खाली दीड इंचाचा चौकोनी पाइप घातला की खेळ खलास. त्यालाही आकडा लिहून द्या, तोंडी सांगू नका. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा वरचे. पत्र्याखालून मोठी प्लेट लावा, नुसता वॉशर नको. सीटच्या रेलवर वेल्डिंग नाही. बेल्टचं बक्कल तुमच्या गाडीचंच ठेवा. दुसऱ्याचं "क्लिक" झालं म्हणजे बसलं असं नसतं.

वायरिंग: बॅटरीपासून स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएमची, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच. अर्थची वायर पत्र्याचा रंग खरवडून. कनेक्टर कार्पेटवर पडू देऊ नका, पावसाळ्यात खालचा फोम आठवडाभर ओला राहतो. सगळं आवळण्याआधी सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, वायर कुठे चिमटते का.

इन्शुरन्सवाल्यांना आधी कळवा. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर आधी आरटीओत फेरनोंदणी उरका, मग हा उद्योग.

ट्रायल घोडबंदर रोडला, संध्याकाळी, गर्दीत. नवी मुंबईच्या रिकाम्या पाम बीच रोडवर काही कळत नाही. टाच टेकते का तेवढं बघा. जुनी सीट विकू नका, माळ्यावर राहू दे.