वंशावळीत ऐकीव काय आणि पक्कं काय?

"पणजोबा कोकणातून आले, परळला गिरणीत लागले" हे घरात सगळ्यांना पाठ असतं. कशावरून, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यासाठी एक पैज लावा.

१. दर रविवारी एकच पूर्वज घ्यायचा.
२. त्याच्याबद्दल जे जे ऐकलंय ते वहीत पेन्सिलने लिहायचं. कागद हाती आला की ती ओळ शाईने गिरवायची. शेजारी कागद कोणता, कोणत्या सालचा, कुणाच्या घरी आहे.
३. पुढच्या रविवारपर्यंत ज्याच्या ओळी जास्त शाईच्या, तो जिंकला.

मुंबईत शाळा सोडल्याचा दाखला, वॉर्ड ऑफिसातली जन्म-मृत्यूची नोंद, जुनं रेशनकार्ड एवढं आधी बघा. खरा खजिना गावच्या तलाठी आणि तहसील कार्यालयात असतो. नुसता सातबारा नको, जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी, मागा. खातेदार वारल्यावर झालेल्या वारसनोंदीत बायकोमुलांची नावं एकत्र मिळतात, आणि वंशावळीतून हमखास गळणाऱ्या आत्या कधी कधी तिथेच सापडतात. मला तर यासाठीच हा खटाटोप मोलाचा वाटतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाणं झालं तर तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत कुळाचं नाव विचारा.

एक सांभाळा: दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असेल तर ती पेन्सिलीतच राहू द्या. पूर्वी खरी तारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना सर्रास हीच लिहीत.