पोहण्याचे वर्ग सुरू करताना : नव्या प्रशिक्षकांसाठी

पोहण्याचे वर्ग काढू पाहणारे तरुण प्रशिक्षक भेटले की त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. तलाव कसा मिळवायचा आणि एका बॅचला किती मुलं घ्यायची? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, मुलांच्या संख्येकडे पुढे येतेच. पण त्याआधी मी उलट विचारते : तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेलं मूल उद्या अंगावरच्या कपड्यांनिशी खोल पाण्यात पडलं तर काय करेल? इथे बहुतेक जण अडखळतात. त्यांच्या अभ्यासक्रमात फ्रीस्टाइल असते, बॅकस्ट्रोक असतो, शेवटच्या दिवसाची शर्यतही असते, पण या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली आणि त्यांत जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. आपण कोणत्या कामाला हात घालतोय, ते डोक्यात पक्कं बसायला हवं.

वर्गाचं ध्येय ठरवायला अमेरिकन रेड क्रॉसची पाच कौशल्यं मला फार उपयोगी पडली. डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोल पाण्यात उडी मारायची किंवा उतरायचं. वर येऊन किमान एक मिनिट तरंगायचं. जागच्या जागी पूर्ण वळून बाहेर पडायची जागा शोधायची. तिथपर्यंत २५ यार्ड, म्हणजे साधारण २३ मीटर पोहत जायचं. आणि शिडी न वापरता बाहेर यायचं. यात हात किती सुबक पडतो याचा उल्लेखही नाही. माझ्या वर्गात ही पाच जमल्याशिवाय कोणाला पुढच्या गटात घेत नाही, मग ते मूल शर्यतीत पहिलं का येईना.

शेवटचं कौशल्य सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. लहान मुलं कठड्यापर्यंत पोहोचतात आणि तिथेच लटकून राहतात, कारण रोज कोणीतरी वर ओढून घेतं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून बाहेर यायचा सराव घ्या. दोन्ही कोपरं कठड्यावर, मग पोट, मग एक गुडघा, आणि उभं राहायचं. मदतीचा हात पुढे करायचा मोह आवरा. मूल चार वेळा घसरेल, पाचव्यांदा चढेल.

शिकवण्याच्या क्रमात मी उताणं तरंगणं फार आधी आणते, कारण दमलेल्या माणसाला श्वास घ्यायला तीच एक जागा उरते. इथे थोडं सविस्तर सांगते. माझा एक तळहात मुलाच्या डोक्यामागे असतो आणि दुसरा पाठीच्या मध्याखाली. घाबरलेलं मूल सगळ्यांत आधी मान उचलून स्वतःच्या पायांकडे बघतं. मान वर आली की कंबर खाली जाते आणि नाकातोंडात पाणी शिरतं. त्याला ‘अंग सैल सोड’ म्हणून काही उपयोग नसतो, कारण घाबरलेल्याला सैल कसं सोडायचं हेच ठाऊक नसतं. त्याऐवजी ‘वर बघ, कान पाण्यात बुडव, पोट वर आण’ अशा करता येतील अशा तीन गोष्टी सांगा. कान पाण्यात गेले की बाहेरचे आवाज एकदम दबतात आणि पुष्कळ मुलं तिथेच बिचकतात. म्हणून कान बुडवण्याचा सराव आधी कठडा धरून घ्या. मग पाठीखालचा हात काढायचा, डोक्यामागे दोन बोटं ठेवायची, आणि शेवटी तीही काढायची. पण काढताना तसं सांगायचं. ‘धरलंय, धरलंय’ म्हणत गुपचूप हात सोडणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. मूल तरंगतं खरं, पण पुढच्या वेळी ते तुमच्या शब्दावर विसंबत नाही, आणि विश्वास गेला की पाण्यात शिकवण्यासारखं फार थोडं उरतं.

रडणाऱ्या मुलाला उचलून पाण्यात टाकायची पद्धत अजूनही काही जण वापरतात. मला ती अजिबात मान्य नाही. त्या मुलाच्या मनात पाण्याची धास्ती बसते आणि घाबरून आखडलेलं शरीर श्वास नीट घेत नाही. पायरीवर बसून पाय भिजवण्यात एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

पालक मात्र एवढं थांबायला तयार नसतात. ‘अजून नुसतं तरंगतोयच का?’ हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. बॅच सुरू होण्याआधी पालकांची बैठक घ्या आणि क्रम समजावून सांगा. त्याच बैठकीत वयाबद्दलही बोला. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना एक वर्षानंतर पोहण्याच्या वर्गांची शिफारस करते. त्याआधीच्या वयात वर्गामुळे बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. तान्ह्या बाळांना घेऊन आईवडील पाण्यात रमले तर छानच, पण त्याला संरक्षण म्हणून विकू नका. आणि कोणत्याही वयाच्या मुलाबद्दल ‘आता ते बुडणार नाही’ असं आश्वासन कधीच देऊ नका.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो हा समज पालकांच्या डोक्यातून काढणं हे तुमचंच काम आहे. लाइफगार्डचं, म्हणजे काठावरून पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जीवरक्षकाचं काम केलेले संशोधक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास करून दाखवलं की प्रत्यक्षात हे जवळजवळ आवाज न होता घडतं. तोंड पाण्याखाली-पाण्यावर होत राहतं, श्वासच पुरत नाही तिथे हाक कुठून मारणार? हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभंच राहतं, पाय काहीच काम करत नाहीत. साधारण २० ते ६० सेकंदांत माणूस पाण्याखाली जातो. मी हे पालकांना पाण्यात उभं राहून करून दाखवते. काठावर मोबाइल बघत बसलेल्या दहा माणसांपेक्षा पाण्यावरून नजर न हटवणारा एक माणूस बरा, हे त्यांना त्यानंतर वेगळं पटवावं लागत नाही. लहान मूल किंवा न पोहणारं कोणीही पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हात पोहोचेल इतक्या अंतरावर राहावं. हवा भरलेल्या बाहुपट्ट्या आणि ट्यूब यांना खेळण्यापलीकडे किंमत देऊ नये.

हेच तुमच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. शिकवणारा प्रशिक्षक आणि पाण्यावर लक्ष ठेवणारा लाइफगार्ड हे एकच माणूस असू शकत नाहीत. समोरच्या मुलाचे पाय सरळ करताना तुमची पाठ बाकीच्यांकडे असते. खर्च वाचवण्यासाठी लाइफगार्ड कमी करायचा विचार मनात आला, तर बॅच बंद करा. मुलांच्या संख्येचं म्हणाल, तर अगदी लहान आणि पाण्याला नवख्या मुलांसाठी एका प्रशिक्षकामागे चारच्या वर जाऊ नका. थोडं पोहायला लागलेल्यांसाठी सहा. वाट बघणाऱ्या मुलांना कठड्यावर किंवा पायरीवर ठरलेल्या जागी बसवा आणि दर फेरीनंतर डोकी मोजा. मुलांचे स्विमसूट निळे किंवा पांढरे नकोत, ते पाण्याखाली दिसेनासे होतात. भडक केशरी किंवा भडक गुलाबी घ्यायला सांगा.

आता पाण्याकडे येते. तलाव भाड्याचा असला तरी पाणी तपासायची पट्टी किंवा किट तुमचं स्वतःचं हवं. मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेलं क्लोरीन, १ ते ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा, ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. पीएच वाढला की क्लोरीनचा जोर ओसरतो : ७.५ च्या आसपास त्याचा निम्मा भाग जोमदार जंतुनाशक रूपात असतो, तो ८ ला पाव उरतो. म्हणजे क्लोरीनचा आकडा बरोबर असूनही पाणी नीट निर्जंतुक होत नसतं. डोळे चुरचुरणारा उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. तो वास बहुधा क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो, त्यामुळे उतरण्याआधी अंघोळीची सक्ती कराच. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात घेऊ नका. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी योग्य क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवड्याहून अधिक तग धरतो. आणि खोल बाजूच्या तळाला पाणी खेचून घेणाऱ्या निचऱ्याच्या तोंडावरची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, किंवा ती तुटलेली किंवा सैल असेल, तर त्या दिवशी वर्ग नाही. गढूळ पाण्यात खाली गेलेलं मूल दिसत नाही, आणि निचऱ्याच्या उघड्या तोंडाची ओढ केस किंवा हात धरून ठेवू शकते.

पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता खेचून घेतं. लहान मुलांसाठी ३० अंशांच्या आसपासचं पाणी बरं. ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरली की मूल ‘अजून थोडं’ म्हणत असलं तरी त्याला बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळा.

पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा माझ्याकडे पूर्ण बंद आहेत. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. चांगलं पोहणारी, धीट, मोठी मुलंच यात सापडतात. त्यांना कारण समजावून सांगितलं तर ती ऐकतात.

बचावाचा धडा प्रत्येक मुलाला द्या. मित्र बुडताना दिसला तर पाण्यात उडी मारायची नाही. ओरडून मोठ्यांना बोलवायचं, काठावर पालथं पडून काठी किंवा टॉवेल पुढे करायचा, तरंगणारी कोणतीही वस्तू फेकायची. बुडणारा माणूस हाताला लागेल ते कवटाळतो आणि वाचवायला गेलेल्यालाही खाली नेतो. हा सराव आम्ही रिकामे कॅन आणि दोरी घेऊन करतो, आणि मुलं त्यात मनापासून रमतात.

कर्मचाऱ्यांचं सीपीआरचं, म्हणजे श्वास आणि हृदय थांबलेल्याला तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण ठरावीक काळाने पुन्हा झालंच पाहिजे. बुडालेल्या माणसाला मुख्यतः ऑक्सिजन मिळालेला नसतो, त्यामुळे नुसते छातीवरचे दाब पुरत नाहीत. आधी तोंडाने श्वास, मग दाब, असं शिकवलेलं प्रशिक्षणच निवडा. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढायच्या भानगडीत कोणी पडू नये. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. गटांगळ्या खाऊन सावरलेलं मूल नंतर सारखं खोकत असेल, धापा टाकत असेल किंवा गळून गेलं असेल, तर त्याला सरळ डॉक्टरांकडे न्या.

पैशांबद्दल थोडक्यात. मुलं कमी असली तरी पाणी, वीज, फिल्टर आणि पगार थांबत नाहीत, आणि थंडीत संख्या हमखास घसरते. मोठ्यांची बॅच काढा. पाण्याला आयुष्यभर घाबरलेली मोठी माणसं फार मनापासून शिकतात, आणि शिकलेला पालक घरच्या मुलांवर जास्त जाणतेपणाने लक्ष ठेवतो.

बॅच संपताना मी प्रमाणपत्राबरोबर एक कागद देते. त्यावर मुलाला काय येतं ते असतंच, पण काय येत नाही तेही स्पष्ट लिहिलेलं असतं : खोल पाण्यात मिनिटभर तरंगते, पंचवीस मीटर पोहते, वाहत्या पाण्याचा, लाटांचा, थंड पाण्याचा सराव नाही, नदी, तळं किंवा समुद्रात मोठं माणूस हाताच्या अंतरावर असल्याशिवाय सोडू नये. हा कागद मी पालकांना वाचून दाखवते आणि त्यावर त्यांची सही घेते.