‘नाही’ आणि ‘लागू नाही’: मिस्टरी शॉपरच्या टेस्टमध्ये मी जिथे अडकले

मिस्टरी शॉपर म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि तिथल्या सेवेचा रिपोर्ट कंपनीला लिहून द्यायचा. अशा व्हिजिट मिळण्याआधी त्या प्रोजेक्टच्या गाइडलाइनवर एक टेस्ट द्यावी लागते. बर्गरच्या दुकानाची माझी पहिली टेस्ट दहापैकी दहा गुणांनी पार पडली आणि तिथेच माझा घात झाला. मला वाटलं, हे आपल्याला जमतं. पुढचा प्रोजेक्ट पेट्रोल पंपांचा होता. गाइडलाइनची पीडीएफ चौतीस पानांची. मुलाचा डबा भरता भरता मी ती मोबाइलवर वरवर चाळली आणि टेस्टला बसले. नापास झाले. दहा मिनिटांत पुन्हा बसले, पुन्हा नापास. दोनच संधी होत्या, त्यामुळे प्रोजेक्ट लॉक झाला. नाशिकमधल्या सहा व्हिजिट माझ्या हातून गेल्या. त्या महिन्यात मला त्या पैशांची फार गरज होती. ती दुपार अजून आठवते.

नोंदणी, प्रोफाइल, पॅन कार्ड, बँकेचा तपशील हे सगळं तुम्ही केलेलं असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. मी जिथे दोनदा आपटले तेवढंच नीट सांगते, कारण नंतर भेटलेले बरेच नवे शॉपर तिथेच आपटलेले होते.

टेस्टमधला प्रश्न असा होता: शॉपरने पंपावर जाऊन स्वतःच प्रीमियम पेट्रोल मागितलं. आता रिपोर्टमधल्या ‘कर्मचाऱ्याने प्रीमियम पेट्रोलबद्दल सांगितलं का?’ या प्रश्नाला उत्तर काय? पर्याय तीन: हो, नाही, लागू नाही. मी ‘नाही’वर टिक केली. त्याने सांगितलं नाही, मग उत्तर ‘नाही’, इतका सरळ हिशेब. बरोबर उत्तर होतं ‘लागू नाही’. नंतर शेड्युलरशी, म्हणजे शॉपरना व्हिजिट वाटून देणाऱ्या मॅडमशी, फोनवर बोलणं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही त्या मुलाला संधीच दिली नाहीत, मग तो चुकला कसा?”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ लिहिण्याआधी आधी हे बघायचं: ते काम करायची संधी समोरच्याला होती का? होती आणि त्याने केलं नाही, तर ‘नाही’. संधीच नव्हती, तर ‘लागू नाही’.

आता याची उलटी बाजू, कारण एवढं कळल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. पेट्रोल भरण्याआधी “ताई, झिरो बघा” असं कर्मचाऱ्याने म्हणायचं असतं. समजा तुमची नजर आपसूक मीटरवर गेली, तुम्हाला शून्य दिसलं आणि तो काहीच बोलला नाही. इथे ‘लागू नाही’ चालत नाही. त्याला बोलायची पूर्ण संधी होती, तो बोलला नाही, म्हणून ‘नाही’. पण “झिरो दाखवा हो” असं तुम्हीच म्हणालात, आणि मग त्याने बोट दाखवलं, तर? माझ्या गाइडलाइनमध्ये यासाठी एकच शब्द होता, ‘अनप्रॉम्प्टेड’. म्हणजे आपण काही न विचारता, न सुचवता. तो शब्द पान 11 वर होता आणि मी तो ओलांडून गेले होते. अनप्रॉम्प्टेड असेल तर आपण विचारल्यावर केलेली गोष्ट ‘हो’मध्ये मोजत नाहीत. शिवाय विचारून तुम्ही त्याची संधी खाल्लीत, म्हणजे व्हिजिटच बिघडली. त्या जागी गप्प उभं राहणं हेच आपलं काम असतं.

तिसरी जागा हवेची. ‘हवा भरण्याचं मशीन चालू होतं का?’ आणि लगेच खाली ‘हवा भरणाऱ्याने पैसे मागितले का?’ पंपावर हवा फुकट मिळायला हवी, म्हणून हा प्रश्न असतो. मशीन बंद असेल तर पहिल्याचं उत्तर ‘नाही’. मला हवा भरायची नव्हती म्हणून तिथे ‘लागू नाही’ लिहिता येत नाही, कारण मशीनचं चालू असणं माझ्या गरजेवर अवलंबून नाही. दुसऱ्याचं मात्र ‘लागू नाही’, कारण हवा कोणी भरलीच नाही. टेस्ट बनवणारे असे दोन प्रश्न मुद्दाम शेजारी ठेवतात. घाईत माणूस दोन्हीकडे सारखीच टिक करून पुढे जातो.

आणि काही क्लायंटना ‘लागू नाही’ हा प्रकारच नको असतो. तिथे ‘नाही’ लिहून खाली कारण द्यायचं असतं. म्हणजे मी वर सांगितलेला नियमसुद्धा त्या प्रोजेक्टची गाइडलाइन सांगेल तिथपर्यंतच खरा. टेस्ट तुमचं व्यवहारज्ञान तपासत नाही, तुम्ही ही पीडीएफ वाचली का एवढंच तपासते. बर्गरच्या दुकानात वेळ दारात पाऊल टाकल्यापासून मोजायची होती, पंपावर गाडी थांबल्यापासून. जुन्या प्रोजेक्टची सवय नव्याला लावली की संपलं.

एका टिकने काय फरक पडतो असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. वीस प्रश्न, प्रत्येकी एक गुण, एकोणीस बरोबर. विसाव्याला ‘लागू नाही’ लिहिलं तर तो प्रश्न गणतीतूनच बाहेर जातो: 19 पैकी 19, म्हणजे 100 टक्के. ‘नाही’ लिहिलं तर 20 पैकी 19, म्हणजे 95. ते पाच टक्के उन्हात नोझल धरून उभ्या असलेल्या पोराच्या खात्यातून जातात. बऱ्याच ठिकाणी अशा गुणांवर बक्षीस ठरतं, मॅनेजरची बोलणी ठरतात. त्याच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नसतं. म्हणून ही टेस्ट कडक असते आणि ती कडक असायलाच हवी, असं मी नापास होऊनही म्हणते.

आता शॉर्टकटबद्दल. टेस्टची उत्तरं विकणारे, फॉरवर्ड करणारे ग्रुप आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रश्नांचा क्रम बदलतो, गाइडलाइनची आवृत्ती बदलते, आणि उसन्या उत्तरांवर पास झालात तरी व्हिजिटला तुम्ही एकट्याच असता. तिथे चूक झाली की रिपोर्ट रिजेक्ट, फी नाही, आणि खिशातून भरलेल्या पेट्रोलचे पैसेही परत नाहीत. पैसे घेऊन ‘मिस्टरी शॉपिंग शिकवणारे’ गुरूही मला पटत नाहीत. आणि शॉपर म्हणून नोंदवून घ्यायला कोणी पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या, खऱ्या कंपन्या शॉपरकडून नोंदणीचे पैसे घेत नाहीत. खरं शिक्षण देतो तो रिपोर्ट तपासणारा एडिटर. ‘या प्रश्नाला नाही का लिहिलं?’ असं विचारून रिपोर्ट परत पाठवतो तेव्हा राग येतो, पण मी जे शिकले ते त्या परत आलेल्या रिपोर्टांतून.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर ती सोडा. मी मराठी माध्यमातली आहे. टेस्टला उत्तम इंग्रजी लागत नाही, आठ-दहा शब्द पक्के लागतात: अनप्रॉम्प्टेड, प्रायर टू (आधी), अ‍ॅट ऑल टाइम्स (पूर्ण वेळ), अ‍ॅट लीस्ट (कमीत कमी). गाइडलाइनमध्ये हे दिसले की मी पेनाने गोल करते. प्रिंट काढायला पन्नास-साठ रुपये जातात, जाऊ द्या. प्रिंट एका हाताला, टेस्ट कॉम्प्युटरवर, आणि प्रत्येक उत्तरापुढे पानाचा आकडा वहीत. आकडा सापडला नाही तर उत्तर अंदाजाने देत नाही. मोबाइलवर टेस्ट देऊ नका. पीडीएफ आणि टेस्ट यांच्यात उड्या मारताना पान रिफ्रेश होतं आणि एक संधी जाते. पहिल्यांदा नापास झालात तर त्या दिवशी दुसरी संधी वापरू नका. मी दहा मिनिटांत वापरली, तेव्हा माझं डोकं पहिल्याच चुकांना धरून बसलं होतं.

आणि लॉक झालात तरी जग बुडत नाही. एका प्रोजेक्टमधून बाहेर पडलात म्हणून बाकीचे बंद होत नाहीत, माझे झाले नाहीत. शेड्युलरला मेल लिहा. प्रश्न चुकीचा होता, वेळ कमी होता, असं काही लिहू नका. मी चार ओळी लिहिल्या होत्या: ‘दोन्ही वेळा नापास झाले. लागू नाही आणि नाही यात माझा गोंधळ झाला. पान 11 पुन्हा वाचलं, प्रीमियमच्या प्रश्नाबद्दल एक शंका आहे. शक्य असेल तर टेस्ट पुन्हा उघडून द्यावी.’ त्यावरच त्यांचा तो फोन आला आणि आठवड्याने टेस्ट उघडली. विषयाच्या ओळीत प्रोजेक्टचं नाव आणि तुमचा शॉपर आयडी घाला. त्यांच्याकडे एका वेळी शेकडो शॉपर असतात आणि नुसत्या नावावरून तुम्हाला शोधत बसायला त्यांना वेळ नसतो.