रूट कॅनॉलमध्ये हायपोक्लोराइट टोकापर्यंत कसं पोहोचवायचं

फाइल (कॅनॉल घासून रुंद करणारी बारीक सळई) कितीही महागडी असली तरी कॅनॉलच्या, म्हणजे दाताच्या मुळातल्या नळीच्या, भिंतीचा बराच भाग तिला लागतच नाही. मोलरमधला (दाढेतला) इस्थमस, म्हणजे दोन कॅनॉल जोडणारी अरुंद फट, आणि आडवे फाटे यांतला पल्प (दाताचा मऊ गाभा) विरघळवायचा तो सोडियम हायपोक्लोराइटनंच. 3 ते 5.25 टक्के पुरे. पातळ असेल तर जास्त वेळा, जास्त प्रमाणात बदलायचं. उघड्या वाटीत सकाळपासून पडलेला द्राव मात्र टाकून द्या, त्यातला क्लोरिन उडत जातो.

रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) आणि पेशंटच्या डोळ्यांवर चष्मा, यात सूट नाही.

सुई 30 गेजची, बाजूला छिद्र असलेली. सिरिंज 5 मिलीची, सुई पिळून घट्ट बसणारी. वर्किंग लेंग्थपेक्षा (कॅनॉलमध्ये जिथवर काम करायचं त्या लांबीपेक्षा) 2 मिमी कमी मापावर रबर स्टॉपर लावा. खरी गोम इथे आहे: या सुईतून निघालेला द्राव सुईच्या टोकापुढे जेमतेम मिलीमीटरभर बदलतो. सुईची जाडी 0.3 मिमी, त्यामुळे कॅनॉल टोकाशी 30-35 नंबरच्या फाइलपर्यंत (0.30-0.35 मिमी) रुंद केला नसेल तर ती खाली उतरणारच नाही आणि वरवरच धुणं होईल.

सुई अडकू देऊ नका, 2-3 मिमी वर-खाली हलती ठेवा. दट्ट्या अंगठ्याऐवजी तर्जनीनं दाबा, जोर आपोआप आवरतो. 1 मिलीला साधारण 15 सेकंद. प्रत्येक फाइलनंतर निदान 2 मिली.

कॅनॉलच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकतो, तो हलवावा लागतो. अल्ट्रासॉनिक टिप 2 मिमी अलीकडे, भिंतीला न टेकवता, 20 सेकंद फिरवा. द्राव बदलून असं तीनदा. यंत्र नसेल तर कॅनॉलमध्ये बसणारा गुटा-पर्चा कोन (कॅनॉल भरायची रबरासारखी काडी) भराभर वर-खाली करा, मिनिटाला शंभरेक वेळा. स्वस्त उपाय आहे, पण चालतो.

शेवटी स्मिअर लेयर (फाइलनं भिंतीवर बसलेला भुशाचा थर) काढायला 17 टक्के ईडीटीए, हे कॅल्शियम ओढून घेणारं रसायन, एक मिनिट. जास्त ठेवलं तर डेंटिन (भिंतीचा कठीण भाग) झिजतं. दोन्ही सिरिंजवर नावं चिकटवा: ईडीटीए मिसळलं की हायपोक्लोराइटची ताकद जाते. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक द्राव) वापरायचंच असेल तर आधी सलाइननं धुऊन कॅनॉल कोरडा करा. हायपोक्लोराइटशी गाठ पडली की तपकिरी गाळ बसतो आणि डेंटिनच्या नळ्या बुजतात.

पेशंट अचानक कळवळला, गाल फुगू लागला, कॅनॉलमधून रक्त आलं, तर द्राव मुळाबाहेर गेलाय. लगेच थांबा. रक्त वाहू द्या, सलाइननं हलकेच धुवा, वेदनाशामक द्या. पहिला दिवस बर्फाचा शेक, नंतर कोमट. सूज डोळ्याकडे किंवा घशाकडे सरकली, तर थेट हॉस्पिटल.