ड्रोनचे रॉ फोटो कशात एडिट करावेत? आधी त्याला तांबडी माती दाखवा

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा एक दणकून पाऊस झाला की खानापूर भागातली नांगरलेली शेतं दोन दिवस अशी काही दिसतात की ड्रोन घरात ठेववत नाही. असाच एक फोटो मी नात्यातल्या एका काकांच्या शेताचा काढला, रात्री जागून एडिट केला आणि मोठी प्रिंट काढून त्यांना नेऊन दिली. काकांनी ती लांब धरली, जवळ धरली. "फोटो झ्याक हाय," म्हणाले, "पण ही आमची माती न्हवं की रे."

खरंच नव्हती. स्क्रीनवर मला छान वाटलेली माती कागदावर गाजराच्या हलव्यासारखी नारिंगी उतरली होती. तोवर मी सॉफ्टवेअर निवडलं होतं ते एका मित्राकडे होतं म्हणून. त्यानंतर मात्र बसून चार-पाच सॉफ्टवेअर (लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, डीएक्सओ फोटोलॅब, कॅप्चर वन) एकाच फोटोवर तपासून पाहिली. ती तपासायची कशी, तेवढंच इथे सांगतो. "सगळ्यात चांगलं कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नाही. "माझ्या ड्रोनला, माझ्या लॅपटॉपला आणि आमच्या मातीला कुठलं चालतं?" याला आहे.

रॉ म्हणजे काय, थोडक्यात

जेपीईजी फोटोत ड्रोनने स्वतःच्या मनाने रंग, उजेड, धार ठरवून बाकीची माहिती टाकून दिलेली असते. प्रत्येक रंगाच्या २५६ छटा उरतात. रॉ फाईलमध्ये सेन्सरने टिपलेलं जवळपास जसंच्या तसं असतं. १२ बिटची फाईल असेल तर ४,०९६ छटा. म्हणून काळा पडलेला किल्ल्याचा बुरूज रॉमधून वर काढता येतो, जेपीईजीमध्ये तो राखाडी चिखल होतो.

डीजेआय कंपनीच्या ड्रोनसकट बहुतेक ड्रोन रॉ फोटो डीएनजी या प्रकारात साठवतात. हा प्रकार लाइटरूम बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २००४ साली आणला आणि सगळ्यांना वापरायला खुला ठेवला. सगळ्या ड्रोनमध्ये रॉ मिळतोच असं नाही. डीजेआयच्या पहिल्या माविक मिनीत नव्हता, मिनी २ पासून आला. सेटिंगमध्ये जाऊन "जेपीईजी + रॉ" निवडलंय ना, ते आधी बघा. मेमरी कार्डही मोठं घ्या: १२ मेगापिक्सेलची दाबून लहान न केलेली डीएनजी साधारण २४ एमबीची होते.

पहिली पायरी: परीक्षेचे तीन फोटो गोळा करा

इंटरनेटवरचे नमुना फोटो घेऊन सॉफ्टवेअर तपासू नका. ते आइसलँडमधले असतात, त्यांत ना ऊस ना कौलं. स्वतःच्या कार्डातले तीन फोटो निवडा, आणि चांगले नव्हे, त्रास देणारे निवडा.

एक, ज्यात तांबडी माती आणि हिरवं पीक शेजारी शेजारी आहे. अथणी-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातले असाल तर काळी माती आणि ऊस चालेल, पण ती परीक्षा जरा सोपी आहे. दोन, ज्यात सूर्य समोर आहे: संध्याकाळी राजहंसगडाच्या बाजूने काढलेला, आभाळ जळलेलं आणि डोंगर काळा. तीन, दिवेलागणीनंतरचा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा ते) वाढवून काढलेला. त्यात एखादी लांब सरळ रेघ असेल तर उत्तम: कालवा, रस्ता, क्षितिज, काहीही.

जाता जाता, हे फोटो काढताना सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा नकाशा उघडून जागा बघून घ्या. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशातल्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण बेळगावात सांबऱ्याचा विमानतळ आहे, लष्कराचा कॅम्प आहे, मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. "आपलं छोटं आहे, २५० ग्रॅमच्या आतलं" हे तिथे कामाचं नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूला तर वनखात्याला विचारल्याशिवाय पेटीच उघडू नये.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर तुमचा ड्रोन ओळखतं का?

डीएनजी सगळीकडे उघडते असं म्हणतात. उघडते, पण उघडणं आणि ओळखणं यात फरक आहे. ड्रोनची लेन्स छोटी आणि रुंद कोनाची. तिच्यातून क्षितिज किंचित वाकतं आणि कोपरे काळवंडतात. हे सरळ कसं करायचं त्याचा हिशेब बऱ्याच ड्रोनच्या डीएनजीमध्येच लिहिलेला असतो. लाइटरूम तो आपोआप वाचतं. डार्कटेबलमध्ये लेन्स सुधारणेच्या भागात जाऊन "फाईलमधली माहिती वापर" असं सांगावं लागतं. रॉथेरपीच्याही नव्या आवृत्तीत तशी सोय आहे. जुनी आवृत्ती टाकून बसलात तर कालवा धनुष्यासारखा दिसेल आणि तुम्ही ड्रोनला दोष द्याल.

डीएक्सओ फोटोलॅबची गोष्ट वेगळी. ते फक्त स्वतःच्या यादीतल्या कॅमेऱ्यांच्याच रॉ फाईली घेतं. यादीत तुमचा ड्रोन असेल तर लेन्स आणि दाणे (कमी उजेडात फोटोवर उठणारे ठिपके) या दोन्हींत त्याचा हात धरणं अवघड. नसेल तर विषय संपला. म्हणून पैसे भरण्याआधी यादी बघा.

तिसरी पायरी: लॅपटॉपला झेपतं का?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. लाइटरूम क्लासिकला (फोटो स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवून चालवायचं लाइटरूम) किमान ८ जीबी रॅम लागते, आणि १६ असावी असं अडोबी स्वतःच सांगतं. ८ वर चालतं, पण मागे ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या असतील तर स्लायडर ओढायचा आणि चहाला जायचं. डार्कटेबलला चांगलं ग्राफिक्स कार्ड मिळालं तर ते पळतं, नाहीतर धापा टाकतं. रॉथेरपीचा भार प्रोसेसरवर असतो, ग्राफिक्स कार्ड असलं काय, नसलं काय. त्यामुळे कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर त्याचं काही बिघडत नाही.

एआयने दाणे काढण्याची सोय लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आली. रात्रीच्या फोटोवर ती कमाल करते, पण साध्या लॅपटॉपवर एका फोटोला कित्येक मिनिटं घेते. परीक्षेतला तिसरा फोटो त्यासाठीच ठेवलाय. घड्याळ लावून बघा आणि मनात एका लग्नाच्या दोनशे फोटोंनी गुणा.

चौथी पायरी: मातीची परीक्षा

आता मुख्य काम. पहिला फोटो प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि काहीही न करता नुसता बघा. डार्कटेबलमध्ये तो फिका, उदास दिसेल. घाबरू नका, त्याची रीतच तशी आहे. ते तुमच्यासाठी फारसं काही ठरवत नाही. लाइटरूम आधीच थोडी साखर घालून देतं. म्हणून पहिल्या नजरेत लाइटरूम जिंकतंच, आणि म्हणूनच पहिल्या नजरेवर निवड करू नये.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी. फोटोत कुठे पांढरी-राखाडी वस्तू असेल, सिमेंटची टाकी, चुना मारलेली भिंत, पांढरं पोतं, तर रंग उचलायच्या पिपेटने तिच्यावर टिचकी मारा. मी हल्ली पहिल्या उड्डाणाआधी बांधावर पांढरं पोतंच पसरून ठेवतो. ड्रोनचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला असेल तर एकाच शेताचे दहा फोटो दहा रंगांचे येतात. तो हाताने एका आकड्यावर बसवला की निम्मं काम उडवतानाच होतं.

त्यानंतर रंगांचे वेगवेगळे स्लायडर. तांबडी माती, कौलं आणि माणसाची कातडी हे तिन्ही साधारण एकाच नारिंगी-तांबड्या पट्ट्यात बसतात. माती गडद करायला नारिंगी स्लायडर ओढला की बांधावर उभा असलेला माणूसही भाजून निघतो. हिरव्याचं आणखी गमतीचं आहे: भात, ऊस, गवत यांचा बराचसा रंग हिरव्या स्लायडरमध्ये नसतो, पिवळ्यात असतो. उसाचा फड पोपटी, प्लॅस्टिकसारखा दिसत असेल तर हिरव्याशी भांडत बसू नका, पिवळा थोडा कमी करून बघा.

आता बघायचं ते हे: नुसती माती वेगळी निवडून, माणसाला हात न लावता, तिचा रंग बदलता येतो का? आणि किती टिचक्यांत? लाइटरूममध्ये रंगाच्या पट्ट्यावरून मास्क (फक्त तेवढ्या भागाची निवड) करता येतो आणि नको तो भाग ब्रशने पुसता येतो. पाच मिनिटांत जमतं. डार्कटेबलमध्ये याहून बारीक काम होतं, पण शिकायला मला दोन रविवार लागले. रॉथेरपीत "लोकल" नावाचा भाग आहे, ठिपका ठेवून आजूबाजूचा तेवढाच रंग धरायचा. हात बसला की छान, तोवर चिडचिड. कॅप्चर वनची रंगांवरची पकड नावाजलेली आहे आणि ती खरीही आहे, पण नुसत्या ड्रोन फोटोंसाठी मी ते विकत घेणार नाही. कॅमेऱ्यावर स्टुडिओचं कामही असेल तर विचार करा.

रंग बरोबर आला हे ठरवायचं कशावरून? मी एकदा शहाणपणा करून काकांच्या शेतातली मूठभर माती पिशवीत घालून घरी आणली आणि स्क्रीनशेजारी ठेवून रंग जुळवत बसलो. फोटोतली माती पावसाने भिजलेली, पिशवीतली वाळून खडखडीत. दोन तास गेले. आता सोपं करतो: उडवायच्या वेळीच पांढऱ्या कागदावर त्या मातीचं ढेकूळ ठेवून जमिनीवरून एक फोटो काढून घेतो.

दुसऱ्या फोटोला इतका वेळ नको. आभाळाचा उजेड खाली ओढा, डोंगराची सावली वर काढा. ढगांच्या कडेला गुलाबी किंवा राखाडी डाग उठतात का, डोंगरात रंगीत दाणे किती दिसतात, एवढं बघा. ड्रोनचा सेन्सर छोटा, त्यामुळे दाणे येणारच.

कामाप्रमाणे फरक पडतो

लग्नं, वास्तुशांती, कारखान्याचा गळीत हंगाम असं नेहमीचं काम असेल तर एका फोटोवरची सेटिंग शंभरांवर उतरवता आली पाहिजे. यात लाइटरूम क्लासिक पुढे आहे आणि मी तेच वापरतो. हौसेचं काम, जुना लॅपटॉप, खिशाला कात्री नको, तर रॉथेरपी. वेळ आहे आणि शिकायची आवड आहे, तर डार्कटेबल. हे दोन्ही फुकट आणि मुक्त आहेत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. लॅपटॉपच नसेल तर फोनवर स्नॅपसीड डीएनजी उघडतं आणि फुकट आहे. फोनवरच्या लाइटरूममध्ये रॉ एडिट करायला पैसे भरावे लागतात.

पॅनोरमा जोडायचा तर लाइटरूम स्वतः जोडतं आणि परत डीएनजीच देतं. फुकटात ह्युगिन आहे, त्याला आधी फोटो टिफ या प्रकारात बदलून दिलेले बरे. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात एका चौकटीत मावत नाही, तेव्हा याची आठवण होते.

शेताची मोजणी, पिकाचा नकाशा हे काम वेगळं. त्याला वेबओडीएमसारखी सॉफ्टवेअर लागतात आणि तिथे रंग सुंदर करून चालत नाही.

पाचवी पायरी: केलेलं काम कुठे साठतं ते विचारा

हे कुणी विचारत नाही. रॉ एडिटिंगमध्ये मूळ फाईल बदलत नाही. तुम्ही काय काय केलं त्याची यादी वेगळी राहते. लाइटरूम क्लासिकमध्ये ती कॅटलॉग नावाच्या नोंदवहीत असते, डार्कटेबलमध्ये फोटोशेजारच्या एक्सएमपी फाईलमध्येही, रॉथेरपीत पीपी३ फाईलमध्ये. मी एकदा लॅपटॉप साफ करताना या बारक्या फाईलींना कचरा समजून पुसलं आणि अख्ख्या एका पावसाळ्याचं काम घालवलं. फोटो होते, त्यांवरची मेहनत गेली.

वर्गणीचंही विचारा. लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबवली तरी कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, बाहेर काढता येतात, पण एडिटिंगचा मुख्य भाग, डेव्हलप, बंद होतो. हंगाम चार महिन्यांचा आणि वर्गणी बारा महिन्यांची, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणि चाचणीच्या आवृत्त्या सगळ्या एकाच दिवशी उतरवू नका. अडोबीची चाचणी सात दिवसांची असते. त्यांत दोन दिवस लाईट गेली आणि एक दिवस पाहुणे आले की उरले चार. आधी फुकटच्या दोघांवर तीन फोटो करून बघा, मग बाकीच्यांना हात लावा.

काकांना मी नंतर दुसरी प्रिंट नेऊन दिली. माती बघून त्यांनी मान हलवली. मग उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं: "आणि हितली गोठ्याची कौलं कुठं गेली?" लेन्स सरळ करताना कडा कापल्या जातात, तो गोठा त्यातच गेला होता. आता उडवतानाच चौकटीच्या चारी बाजूंनी थोडी जागा मोकळी सोडतो.