गाण्याच्या कामाला लॅपटॉप निवडताना

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ आणि लगेच दुसरा, ‘गेमिंगला पाहिजे की ऑफिसला?’ गाण्याचं काम या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे बरेचदा भलतंच मशीन गळ्यात पडतं.

व्हिडिओ एडिटिंगचं मशीन थोडं मंद असलं तर रेंडरला दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच. ऑडिओचं तसं नाही. संगणक आवाज छोट्या तुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८ हजार नोंदी (४८ किलोहर्ट्झ) आणि बफर १२८ नोंदींचा (सॅम्पलचा) ठेवला, तर प्रोसेसरला दर २.७ मिलिसेकंदांनी सगळे ट्रॅक, सगळे प्लगइन (आवाजावर काम करणारी जोड-सॉफ्टवेअर) आणि सगळे सॅम्पल (वाद्यांचे आधी टिपून ठेवलेले आवाज) यांचा हिशेब पुरा करून द्यावा लागतो. एकदा जरी उशीर झाला की हेडफोनमध्ये ‘टक्’ येतं, आणि कधी कधी ते टेकमध्येही उतरतं. म्हणून जाहिरातीतल्या ताकदीच्या आकड्यापेक्षा मशीन वेळ चुकवतं का, हे बघायचं.

आधी काम, मग मशीन

पोवाडा, भजन किंवा बैठक रेकॉर्ड करणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा साधं मशीन पुरतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा खातो. वीस मिनिटांचा पोवाडा आठ माइकवर घेतला तरी १.४ जीबी होतात. लिहिण्याचा हा वेग कुठल्याही एसएसडीला किरकोळ आहे. शिवाय ऑडिओ इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीवर) डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असेल, तर गायकाला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट ऐकू येतो. मग बफर ५१२ ठेवला तरी कुणाचं काही अडत नाही.

गायकाला हेडफोनमध्ये रिव्हर्ब लावूनच गायचं असेल, किंवा कीबोर्डवर बोट पडताच सॅम्पलचा आवाज यायला हवा असेल, तर मात्र बफर १२८ किंवा त्याखाली लागतो. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा बफर दोनदा मोजला जातो. १२८ वर हे झाले ५.३ मिलिसेकंद. त्यात ड्रायव्हर (इंटरफेसशी बोलणारं सॉफ्टवेअर) आणि कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) यांचा वेळ मिळवला की आठ-दहाच्या घरात जातो. तेवढा उशीर बहुतेकांना चालतो, त्यापुढे लयीत वाजवणारा अडखळायला लागतो.

ऑर्केस्ट्रा, तबला-ढोलकीच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी घेऊन अरेंजमेंट करणाऱ्याची गरज रॅम आणि एसएसडीची. साठ-सत्तर ट्रॅकचं मिक्सिंग करणाऱ्याची गरज प्रोसेसरची. गणपतीच्या मिरवणुकीसाठी रिमिक्स करणाऱ्याची गरज यांच्या मधली. यातलं तुमचं काम कुठलं, हे ठरवल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

प्रोसेसर: नावामागचं अक्षर वाचा

एका ट्रॅकवरचे प्लगइन एकामागून एक चालतात. इक्वलायझरचं काम झाल्याशिवाय कंप्रेसरला सुरू करता येत नाही. त्यामुळे ती अख्खी साखळी बहुधा एकाच कोअरवर पडते. मास्टर बसची, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथली, साखळी तर सगळ्यांच्या शेवटी. बारा कोअर रिकामे बसलेत आणि एकाच कोअरचा जीव चाललाय, असं चित्र म्हणूनच दिसतं. एका कोअरचा वेग आधी बघायचा, कोअरची संख्या नंतर.

इंटेलमध्ये नुसतं आय-फाइव्ह, आय-सेव्हन बघून फसायला होतं. आय-सेव्हन १२५५-यू मध्ये दहा कोअर आहेत खरे, पण त्यातले वेगवान दोनच, उरलेले आठ वीज वाचवणारे. आय-फाइव्ह १२५००-एच मध्ये बारा, त्यातले वेगवान चार. मिक्सिंगला दुसरा कितीतरी सरस, आणि नावाने मात्र खालचा. शेवटचं अक्षर यू असेल तर त्या पिढ्यांत मूळ ऊर्जामर्यादा १५ वॅटची, एच असेल तर ४५ ची. एएमडीच्या रायझेनमध्येही एच किंवा एचएस बघावं. गाण्याच्या कामाला सहा पूर्ण ताकदीचे कोअर असलेला रायझेन फाइव्ह ५६००-एच आजही टाकाऊ नाही.

स्नॅपड्रॅगनवर चालणारे विंडोज लॅपटॉप दिसायला हलके आणि बॅटरीला दणकट असतात, पण आपल्या इंटरफेसचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी खास बनवलेला असावा लागतो. साधा ड्रायव्हर तिथे चालतच नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तसं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

ग्राफिक्स कार्डाचा गाण्याला उपयोग नाही, उलट त्याचा ड्रायव्हर कधी कधी ऑडिओच्या आड येतो. तरीही मागच्या वर्षीचा गेमिंग लॅपटॉप सवलतीत मिळत असेल तर विचार करावा, कारण त्यात एच प्रोसेसर आणि गरमी बाहेर टाकायची चांगली सोय दोन्ही मिळतात. फक्त त्याचा पंखा कानाने ऐकून बघा.

रॅम आणि एसएसडी

८ जीबी रॅम आता पुरत नाही. १६ पासून सुरुवात, आणि सॅम्पल लायब्ररीचं काम असेल तर ३२. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती नंतर वाढवता येते का. तपशिलात एलपीडीडीआर असं लिहिलं असेल तर रॅम जवळपास नेहमीच बोर्डावर डकवलेली असते, म्हणजे आज घ्याल तेवढीच कायमची. साधी डीडीआर-फोर किंवा डीडीआर-फाइव्ह असेल तर स्लॉट असण्याची शक्यता असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत ते दिसतं. एकच कांडी असेल तर तशीच दुसरी टाकून दोन्ही चॅनल चालू करता येतात.

एसएसडी वेगवान एनव्हीएमई जातीचीच हवी, निदान ५१२ जीबी. त्यापेक्षा दुसरा एम-टू स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) मोकळा असलेला लॅपटॉप घ्यावा: एकीवर विंडोज आणि प्रोजेक्ट, दुसरीवर लायब्ररी. स्वस्तातल्या एसएसडी गच्च भरल्या की लिहिण्याचा वेग घसरतो, म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. फिरत्या तबकडीची जुनी हार्डडिस्क बॅकअपला ठीक, त्यावरून सॅम्पल वाजवायला नको. आणि बॅकअपची डिस्क दुसऱ्या घरी, उंचावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या काठच्यांना हे वेगळं सांगायला नको.

मॅक की विंडोज

सरळ सांगायचं तर ज्याला ड्रायव्हरची कटकट नको आणि खिसा परवानगी देतो, त्याने मॅक घ्यावा. ऑडिओची व्यवस्था सिस्टिममध्येच पक्की बसवलेली आहे, आणि ॲपलचं लॉजिक प्रो हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर मिळत नाही. पण रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवायची सोय विसरायची. मॅकबुक एअरला पंखा नाही, त्यामुळे मिरजेचा तानपुरा किंवा हळू आवाजातलं गाणं त्याच खोलीत टिपायचं असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. उलट एप्रिल-मेमध्ये घरातला पंखा बंद करून, खिडक्या लावून तासभर जड मिक्स चालवलं की तोच एअर तापून वेग कमी करतो. मिक्सिंगच रोजचं असेल तर पंख्याचा प्रो बरा. हलगी किंवा ढोल-ताशा टिपणाऱ्याने पंख्याच्या आवाजाची काळजीच करू नये.

क्यूबेस, एफएल स्टुडिओ, रीपर, एबलटन लाइव्ह ही रेकॉर्डिंग-मिक्सिंगची सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतात. ज्यांच्याबरोबर प्रोजेक्टची देवाणघेवाण होते ते काय वापरतात, हे बघून ठरवलं तर पुढची डोकेदुखी वाचते.

पोर्ट, आणि घरातली वीज

इंटरफेस, मिडी कीबोर्ड, माउस आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचं एखादं डोंगल एवढं एकाच वेळी लागतं. इंटरफेस थेट लॅपटॉपला, बाकीचं हबवर चालेल. दोन माइकचे बहुतेक इंटरफेस यूएसबी टू वरच चालतात, त्यामुळे तेवढ्यासाठी थंडरबोल्टचे जादा पैसे मोजू नका. स्क्रीन १९२० बाय १०८० पेक्षा कमी नको, नाहीतर मिक्सर उघडला की ट्रॅक दिसत नाहीत.

आता विजेचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या कित्येक जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे अर्थिंगची वायरच नसते. मग धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, हात गिटारच्या तारेवर आणि ओठ माइकशी असताना चटका बसतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची घुंई कायमची. लॅपटॉपमध्ये दोष काढण्याआधी वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त नको. घुंई जावी म्हणून अर्थिंगची पिन मोडायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका, ती जिवावर बेतू शकते.

टेकपुरता चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग केलं की घुंई बरेचदा जाते. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर, पावसाळ्यात वीज गेल्यावर, हाच उपाय. मात्र बरेच विंडोज लॅपटॉप बॅटरीवर वेग कमी करतात, तेव्हा बफर एक पायरी वाढवून आधी चाचणी घ्या. बॅटरी चांगली असणं गाण्याच्या लॅपटॉपला यासाठीही हवं.

दुकानात करायची चाचणी

राजारामपुरीत असो की लक्ष्मीपुरीत, सीलबंद खोका चाचणीसाठी कुणी फोडून देत नाही. त्याच मॉडेलचा डेमो पीस मागा. पेनड्राइव्हवर दोन गोष्टी न्यायच्या: लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर ऑडिओला अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि रीपरचं पोर्टेबल इन्स्टॉलेशन.

चार्जर लावून, वाय-फाय चालू ठेवून लेटन्सीमॉन दहा-पंधरा मिनिटं चालवा. दोन मिनिटांत हिरवं दाखवलं म्हणून समाधान मानू नका, त्रास मधूनच उसळतो. सर्वांत मोठा डीपीसीचा (ड्रायव्हरने एका दमात अडवलेल्या वेळेचा) आकडा ५०० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. १००० च्या वर वारंवार जात असेल, तर १२८ च्या बफरमधला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ कुठला तरी ड्रायव्हर एकटाच खातोय. कुठला, त्याचं नावही तिथेच दिसतं. वाय-फायचा असेल तर वाय-फाय बंद करून पुन्हा बघा, तेवढ्याने सुटत असेल तर मशीन चालेल. पॉवर व्यवस्थापनाचा असेल तर बायोस (मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय फारसा इलाज नसतो, ते मॉडेल सोडा.

मग रीपरमध्ये एका ट्रॅकवर रीपरचाच सिंथ आणि रिव्हर्ब लावा, एक सूर धरून ठेवा, आणि आवाज फुटेपर्यंत ट्रॅकच्या नकला वाढवत जा. कितव्या ट्रॅकला फुटला ते लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी, मशीन तापल्यावर, पुन्हा मोजा. दोन मॉडेलची तुलना करायला याच्यासारखी कसोटी नाही, फक्त बफर आणि सेटिंग दोन्हीकडे सारखं हवं. दुसऱ्या वेळी आकडा बराच खाली आला, तर ते मशीन थंड राहत नाही.

बिल जीएसटीचं घ्या, आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. त्या मुदतीत हीच चाचणी स्वतःच्या इंटरफेससह पुन्हा करायची आहे. वॉरंटीत माणूस घरी येतो की मशीन पुण्याला जातं, हेही आत्ताच विचारा. सप्टेंबरात, ऐन गणपतीच्या कामात, त्याची किंमत कळते.

घरी आणल्यावर

इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ (विंडोजवर कमी उशिराने ऑडिओ चालवणारा) ड्रायव्हर टाका. एसिओफॉरऑल हा ज्याला स्वतःचा ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हच्या सिंकमधून बाहेर, आणि सॅम्पलचं फोल्डर विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळलेलं. सेशनच्या आठवड्यात विंडोज अपडेट थांबवून ठेवा. ब्लूटूथ हेडफोनवर गायकाला कधीच गाऊ देऊ नका, त्याचा उशीर बफर कमी करून जात नाही.

एवढं करूनही एखाद्या प्रोजेक्टमध्ये उशीर जाणवला, तर मास्टरवरचा लिमिटर किंवा लिनियर फेज इक्वलायझर बघा. असे प्लगइन पुढचं ऐकून मग काम करतात, त्यामुळे उशीर तेच घालतात. रेकॉर्डिंगपुरते बंद ठेवा. जड ट्रॅक फ्रीझ केले, म्हणजे प्लगइनसकट तात्पुरती ऑडिओ फाइल करून ठेवले, की जुनं मशीनही बरंच पुढे रेटता येतं.

जुना घ्यायचा असेल तर

कंपन्यांतून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड आणि डेलचे लॅटिट्यूड दणकट असतात. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्या, त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून बघा. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. पंख्याच्या जाळीत धूळ आणि आतली थर्मल पेस्ट सुकलेली असणार हे धरूनच चाला.

जुना मॅक घेताना सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा) बघा, आणि मालक समोर असतानाच त्याच्याकडून फाइंड माय (हरवलेलं मशीन शोधायची, कुलूप लावायची ॲपलची सोय) बंद करून, खातं काढून, मशीन पूर्ण रीसेट करून घ्या. नव्याने सुरू होताना वाय-फायला जोडल्यावर जुन्याचा पासवर्ड मागितला, किंवा हे मशीन अमुक कंपनीच्या ताब्यात आहे असं आलं, तर पैसे देऊ नका.