स्नायूतल्या क्रिएटिन कायनेजचा जीन वाचताना

क्रिएटिन कायनेज हे विकर (एन्झाइम) आकुंचन पावणाऱ्या स्नायूला क्षणार्धात एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, भरून देते. नव्या प्रजातीत हा जीन कितपत जपला गेला आहे हे तपासताना खरी फसगत त्याच्या भावंडामुळे, म्हणजे त्याच कुळातल्या दुसऱ्या जीनमुळे, होते. स्नायूचा सीकेएम आणि मेंदूचा सीकेबी या जीनची प्रथिने माणसात दोन्ही 381 अमिनो आम्लांची, आणि क्रमही बराच सारखा. चुकून दुसराच वाचला गेला तर पुढची सगळी तुलना वाया जाते.

जीनोमिक डीएनएत मध्ये इंट्रॉन (प्रथिनात न उतरणारे तुकडे) येतात, म्हणून आरएनए घ्यावा. ताज्या स्नायूचे अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ काप लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका. जाड तुकड्याच्या आत द्रावण पोचत नाही. 50 ते 100 मिलिग्रॅमला 1 मिलिलिटर ट्रायझॉल (आरएनए वेगळा काढणारे द्रावण), मग उरलेला डीएनए तोडणारे डीएनेज, मग आरएनएच्या शेपटीला चिकटणाऱ्या ओलिगो-डीटीने सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत.

पीसीआरने प्रती वाढवण्यासाठीचे प्रायमर (सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) शक्यतो कोडिंग भागाबाहेर, यूटीआरमध्ये, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या टोकांत, बसवा, कारण दोन्ही भावंडे तिथेच सर्वाधिक वेगळी असतात. कोडिंग भाग स्टॉप कोडॉनसह 1146 बेसचा. अचूक पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारे विकर) वापरा, 30 सायकल पुरतात. सँगर पद्धतीच्या क्रमवाचनाचा एक रीड साधारण 700 ते 800 बेस नीट देतो, सुरुवातीचे 30 ते 50 टाकून द्यावे लागतात. म्हणून दोन्ही टोकांकडून वाचा. प्रत्येक बेसच्या खात्रीचा गुण म्हणजे फ्रेड; फ्रेड 20 म्हणजे शंभरात एक चूक. त्याखालचे बेस धरू नका.

क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे रीडच्या शिखरांच्या आलेखात, जोडशिखरे दिसली तर ती मोजा. विरळ असतील तर बहुधा अॅलील, म्हणजे एकाच जीनची दोन रूपे; लांबवर रांगेने असतील तर दोन प्रती मिसळल्या. अशा वेळी जीवाणूंत क्लोन करून त्यांच्या वेगवेगळ्या वसाहती वाचण्याला पर्याय नाही.

मग क्रम प्रथिनात भाषांतरित करा. मध्येच स्टॉप आला तर उत्क्रांतीचा निष्कर्ष काढण्याआधी मूळ शिखरे पुन्हा पाहा, बहुधा बेस सुटलेला असतो. माफ्ट या जुळणीच्या प्रोग्रॅमने आधी वेगवेगळ्या प्रजातींची प्रथिने जुळवा, त्यावरून कोडॉन जुळवा; थेट न्यूक्लिओटाइड जुळवले तर गॅप कोडॉनच्या मध्ये पडतात. जुळणीत मेंदूच्या प्रती हव्यातच, आणि बाह्यगट (तुलनेसाठी दूरचा नातेवाईक) म्हणून अपृष्ठवंशीयांचे आर्जिनिन कायनेज. झेब्राफिशची सीकेएमबी ही स्नायूचीच दुसरी प्रत आहे, नावातल्या ‘बी’ने गोंधळू नका. जुळणीवरून काढलेल्या वंशवृक्षात तुमचा क्रम स्नायूंच्या फांदीवर बसला तरच पुढे जा.

सक्रिय जागेचे सिस्टीन माणसात 283 वे. सशावरच्या जुन्या लेखांत तेच 282 दिसते, कारण तिथे पहिले मेथिओनिन मोजलेले नसते. हे सिस्टीन आर्जिनिन कायनेजमध्येही टिकून आहे. तुमच्या जुळणीत सरकलेले दिसले तर जुळणीच चुकली आहे.